न काढलेलं अंथरूण

बारामती, गुरुवार, दिवेलागण

विशाल आत्ताच रात्रपाळीला गेला. माझी चिडचिड काही थांबत नाही. नक्की कुणावर, तेही कळत नाही.

सासूबाई कालच कळंबहून आल्यात. मी सकाळच्या शाळेला शिकवायला निघाले आणि मागं लगेच त्यांनी माझं अंथरूण काढलं, वाकळेची घडी घालून ठेवली. ही वाकळ लग्नात त्यांनीच शिवून दिलेली. मी परतल्यावर म्हणाल्या, "उठलं की अंथरूण काढायचं असतंय. तसंच पसरून जातीस व्हय?"

मी फक्त "बरं, आत्या" म्हटलं. काय सांगणार? मी ते मुद्दाम पसरून जाते. मी निघते तेव्हा विशाल कंपनीतून येत असतो, जिन्यातच काय ते बोलणं. लग्न झाल्यापासून असंच. निदान त्या वाकळेत माझी ऊब तरी त्याला मिळावी. पण हे त्याला कधी बोलले नाही.

आज बूट घालताना तोच हळूच म्हणाला, "सकाळी वाकळ गार लागली गं."

म्हणजे त्याला माहीत होतं!

मग रविवारी आम्हाला काय होतं? सुट्टी असते, तीच वाकळ, दोघं शेजारी. आणि मागच्या रविवारी दोघंही रात्रभर जागे, आपल्याला झोप लागलीय असं एकमेकांना दाखवत.