स्टिकर काढलेले सेल

प्रति,
मा. भांडार अधिकारी,
श्रवणसाहित्य वाटप केंद्र, क्रांती चौक,
छत्रपती संभाजीनगर.

विषय : श्रवणयंत्रांचे सेल, स्टिकर न काढता, शनिवारपर्यंत मिळणेबाबत.
संदर्भ : 'न वापरलेले सेल संपू शकत नाहीत' असे कळवणारे आपले पत्र.

महोदय,

मी गारखेड्यातील नादवेल निवासी कर्णबधिर विद्यालयात विज्ञान शिकवते. आमच्या मुलांच्या श्रवणयंत्रांसाठी आपल्याकडून वर्षभराचे सेल मिळाले. मात्र साठा पडताळणीचा पुरावा म्हणून आपल्या कार्यालयाने प्रत्येक सेलचे स्टिकर काढून नोंदवहीत चिकटवले होते.

१. हे सेल जस्त आणि हवेवर चालतात. स्टिकरखाली बारीक छिद्रे असतात. स्टिकर निघाले की हवा आत शिरते आणि सेल यंत्रात असो वा डब्यात, संपू लागतो. स्टिकर परत लावून तो पूर्ववत होत नाही. वर्षाचा साठा असा डब्यातच संपला.

२. हे कळवल्यावर आपण चार्जर पाठवलात. मोबाइलमधील लिथियमची किंवा इन्व्हर्टरमधील शिसे-आम्लाची बॅटरी चार्ज होते, कारण तिच्यातील रासायनिक क्रिया उलट फिरवता येते. आमच्या सेलमधील क्रिया तशी फिरवता येत नाही. चार्ज करायला गेल्यास तो फुटू शकतो.

३. मग आपण भिंतीवरच्या घड्याळाचे सेल पाठवलेत. "व्होल्टेज तर जवळपास तेच आहे ना मॅडम, ॲडजस्ट करा," असे आपले लिपिक सत्यम यांनी फोनवर सांगितले. व्होल्टेज जवळपास तेच आहे, हे खरे. पण तो सेल आमच्या यंत्राहून मोठा आहे.

४. शहरातील दुकानांत या मापाचे होते तेवढे सेल आम्ही आणले. नवा माल पुढच्या महिन्यात येणार आहे. चालू असलेले मोजके सेल आम्ही एका मुलाच्या यंत्रातून काढून दुसऱ्याच्या यंत्रात घालतो. ज्याचा काढला जातो, ते मूल खाली मान घालून बसते. वसतिगृहातील साळूबाई म्हणतात, "पोरं लई गप झालीत, बाई. आता भांडत बी नायत."

५. पहिलीतील संस्कृती फर्दापूरची आहे. दिवाळीनंतर ती प्रथमच 'आई' म्हणाली. तिची आई रविवारी तो शब्द ऐकायला येणार आहे. स्वतःचा आवाज ऐकू येईनासा झाल्यापासून संस्कृती नुसते ओठ हलवते.

तरी झिंक-एअर सेल द्यावेत, ही कळकळीची विनंती. पुराव्यासाठी हवे असल्यास वापरलेल्या प्रत्येक सेलचे स्टिकर मी स्वतः आणून आपल्यासमोर नोंदवहीत चिकटवीन.

आपल्याकडे आशेने पाहणारी,
अमृता दाभाडे
विज्ञान शिक्षिका
दि. ११ डिसेंबर २०२५

सोबत : नमुन्यासाठी एक सेल, स्टिकरसह. आमच्याकडे असा हा एकच उरला असून तो संस्कृतीसाठी राखून ठेवला आहे. नमुना पाहून रविवारपूर्वी परत द्यावा. कृपया स्टिकर काढू नये.