आईच्या लोकरीची तारीख

प्रिय दादा,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे बरे आहेत. हे आधीच लिहितो, कारण माझ्या अक्षरातलं पाकीट दिसलं की तू ते उभ्याउभ्याच फोडशील आणि शेवट आधी वाचशील. तसं करू नकोस. मोबाइलवरच लिहिणार होतो, पण तिथे मी दहा वाक्यं लिहितो, सगळी पुसतो आणि 'ठीक आहे' एवढंच तुला पाठवतो. गेले कित्येक महिने तेच चाललंय.

नोकरी बदलल्याचं कळवलं होतं, पण कुठे ते नव्हतं सांगितलं. आता हसशील. तू आईसाठी जिथून लोकर मागवायचास, त्याच ऑनलाइन दुकानात मी उन्हाळ्यापासून आहे. दुकान कसलं, एक लांबच लांब खोली. भिंतभर फळ्या, त्यांवर रंगारंगाचे गुंडे, एका टोकाला पेट्या भरणाऱ्या मावशी आणि दुसऱ्या टोकाला कॉम्प्युटरसमोर मी. जी गिऱ्हाइकं दरमहा पेटी घेतात, त्यांच्या कार्डावरून कोणत्या तारखेला पैसे घ्यायचे ते लावून देणं, हे माझं काम. पैसे जमा झाले की पेटी निघते. मालकीणबाईंनी पहिल्या दिवशी विचारलं, शाळा अर्धवट, मग तुला येतं काय? मी म्हटलं, काळजी करता येते. त्यांना तो विनोद वाटला आणि मला नोकरी मिळाली.

लोकरीच्या वासात बसलं की आपली मागची खोली आठवते. आई खिडकीशी विणत बसायची आणि आपण दोघं एकाच पांघरुणासाठी भांडायचो. माप घ्यायला ती तुला पाठमोरं उभं करायची. पोट आत घेऊ नकोस मेल्या, स्वेटर तुला घालायचाय, तुझ्या फोटोला नाही, असं ओरडायची. तू मुद्दाम आणखी आत घ्यायचास आणि पाठीत सुईचं बोथट टोक खायचास. मला कायम तुझेच उसवून पुन्हा विणलेले स्वेटर मिळायचे. तेव्हा राग यायचा. आता त्यातला एक निळा मी कुणाला हात लावू देत नाही. आणि न्हाव्याची पाटी आठवते? तिच्यावर राहून गेलेलं टिंब द्यायला तू मला खांद्यावर घेतलंस, हातात खडू दिलास, आणि तो वस्तरा घेऊनच बाहेर आला. तू पळालास ते मला खांद्यावर ठेवूनच. त्या दिवसापासून तू मला टिंबू म्हणायला लागलास. हल्ली तसं कुणीच म्हणत नाही.

तू बोटींच्या कारखान्यात लागलास आणि पहिल्या पगाराच्या दिवशी, एकतीस तारखेला, आईसाठी दरमहा लोकर सुरू केलीस. पेटी आली की आई तुला फोन करायची. तू आपणहून कधी केला नाहीस, पण तिला त्याचं काही वाटायचं नाही, पेटी म्हणजेच तुझी हाक असं ती धरून चालायची. मग तासभर रंगावरून भांडण. असला भडक रंग आणलास, मी काय सर्कशीत जाऊ? आणि तू म्हणायचास, तुला खुलेल म्हणून शोधून काढला. दादा, रंग मावशी निवडतात. ज्या फळीला हात लागेल तिथला उचलतात. इथे आल्यावर मला कळलं. आईला मी सांगितलेलं नाही. तिच्या लेखी तू दर महिन्याला दुकानात उभा राहून तिच्यासाठी रंग निवडायचास.

मार्चच्या सुरुवातीला जी पेटी आली तिचा रंग चिखलासारखा होता, हे तुला फोनवर ऐकवलंच गेलं. मी शेजारीच होतो. असला रंग पाठवण्यापेक्षा पाठवूच नकोस, असं आई म्हणाली. तू हसलास, तीही हसली. पुढच्या महिन्यात पेटी आली नाही. नंतरही आली नाही. आईने चार दिवस टपालवाल्याला धारेवर धरलं आणि मग विचारणंच सोडलं. तू फोन केला नाहीस, तिनेही नाही. मी विचारलं तर म्हणाली, तो पाठवत नाही तर नाही, माझ्याकडे लोकर काय कमी आहे? आणि चिखली रंगाचा तोच गुंडा घेऊन बसली.

गेल्या आठवड्यात मला कळलं काय झालं ते. एकतीस तारखेची गिऱ्हाइकं फेब्रुवारीत अठ्ठावीसवर येतात, ते बरोबरच आहे. पण जानेवारीत बदललेलं आमचं सॉफ्टवेअर त्यांना तिथून परत एकतीसवर नेतच नव्हतं. मार्चमध्येही अठ्ठावीसलाच पैसे मागितले. पगाराच्या आधीच्या दिवसांत तुझ्या खात्यात काय असतं, ते तुला माहीत आहे आणि मलाही. एकतीसच्या आतच आणखी दोनदा मागितले, मिळाले नाहीत, आणि तुझी पेटी आपोआप बंद झाली. कळवलंही होतं, पण तुझ्या त्या जुन्या ईमेलवर, ज्याचा पासवर्ड तू कधीच विसरलास. अशी बरीच गिऱ्हाइकं निघाली. मी बसून प्रत्येकाची मूळ तारीख वेगळी नोंदवली, म्हणजे लहान महिन्यात तेवढ्यापुरतं मागे यायचं आणि पुढच्या महिन्यात आपल्या जागी जायचं. मग एकेकाला फोन लावले. एका आजोबांनी तर मलाच झापलं, आम्हाला वाटलं तुमचं दुकान बुडालं! त्या यादीत खाली तुझं नाव आलं आणि पुढचा फोन माझ्याच्याने होईना.

तुझी पेटी मी तिथल्या तिथे सुरू करू शकलो असतो. पैसे मी भरले असते, आईला कळलंही नसतं. बटणावर बोट ठेवून बराच वेळ बसलो आणि उठलो. कारण परवा आईने मला जवळ बसवलं आणि तुला पत्र लिहायला सांगितलं. तू शुद्ध लिहितोस, म्हणाली, नीट लिही, आई चुकली म्हण, तोंडाला लगाम नाही तिच्या म्हण. आपल्या आईने आजवर कुणाची माफी मागितलेली तू ऐकलीस का? मी तिला खरं सांगणार होतो, पण सांगितलं नाही. चूक दुकानाची होती हे कळलं तर तिला हायसं वाटेल. पण मग तिच्या हेही ध्यानात येईल की तिचा फोन येत नाही हे दिसत असूनही इतके महिने तू विचारलंसुद्धा नाहीस. तिला काय सांगायचं ते तू ठरव, तो अधिकार मी घेत नाही. पण तिची माफी मी या पत्रात लिहिणार नाही. पत्र टाकलंस का म्हणून ती रोज विचारेल, आणि मी खोटं फार दिवस बोलू शकत नाही. हे वाचून झालं की फोन उचल. या वेळी तू कर.

तुझाच,
टिंबू