गाठीतले घरजावई

सोमवार
दारात पाऊल ठेवलं तर पाणी विचारायचं सोडून नातीने मला बरण्या दाखवल्या! वर गळ्यात पडून गालाचा मुका घेतला, म्हणून माफ केलं. कॉलेजातल्या सरांसाठी ती रानातल्या फांद्या आणून ठेवते. पानांवर वाटाण्याएवढ्या गाठी. किड्याची मादी पानात अंडं घालते आणि झाडच अळीभोवती गाठ बांधून तिला आतून खाऊ घालतं. घरजावईच की, म्हटलं. पोरगी पोट धरून हसली.

ती शनिवारपर्यंत फांद्या आणायला गेलीय. तोवर मी बरण्यांत पाणी शिंपडायचं, बाहेर आलेले किडे मोजायचे आणि या वहीत लिहायचं. चौथी पास अक्षर शेवटी कामाला आलं. माणसाला त्रास नाही ना, विचारलं. सर म्हणतात, मुळीच नाही.

मंगळवार
बरण्यांच्या तोंडाला बांधलेली मलमल बघून ओकारी आली. घाणीचे ठिपके, चिकटलेले पाय. नऊच्या नऊ फडकी काढली, उकळली, वाळत घातली. दुपारी परत बांधली. मोजले तर सकाळपेक्षा सतरा किडे कमी. ओट्यावरच्या उघड्या दुधात खसखशीएवढं काहीतरी तरंगत होतं. फुंकर मारून प्यायले. दूध ओतून द्यायला मी कुठली राणी?

बुधवार
खालच्या हिरडीवर गाठ आलीय. दुखत नाही. जीभ लागली की ओल्या पाल्याची चव. शी!

गुरुवार
चार माणसांचं जेवले, तरी बांगड्या कोपरापर्यंत सरकतात. खाते मी, पोसतंय भलतंच. आरशात पाहिलं, गाठ हिरवी. आत कुणीतरी कूस बदलतं.

शुक्रवार
टाळ्यावर दोन, जिभेखाली एक. पाणी पिताना वळवळतात. दात घासवत नाहीत. घरजावई म्हणून हसले होते ना मी—

शनिवार
गाठीला भोक पडलं. सुईने पाडल्यासारखं, गोल. तोंड उघडलं की उडतात— तोंडावर मलमल बांधलीय, दुहेरी. आतून टकटक—

जिन्यावर नातीची हाक. आली की आधी मुका घेईल. कडी घातलीय. हे पान दाराखालून सरकवते.

पोरी, दार ढकलू नको. मला ओ देता येत नाही. फडकी मी काढली, चूक माझी. पण माणसाला काही होत नाही म्हणणाऱ्या सरांना इथे उभं कर. जाब त्यांनीच द्यायचा, तू नाही. तू आधी फटीपासून तोंड लांब—