आजाऱ्यांची यादी

धाराशिव,
१६ जून २०२५

ती. नीलाआत्यास,
जाईचा सा. सलाम वि. वि.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि मोबाइलवरची अक्षरं दिसत नाहीत, म्हणून मला या वयात पोस्टात जावं लागतं. तिथला माणूस विचारत होता, कोर्टाची नोटीस पाठवायची आहे का म्हणून.

खोली बरी आहे. कॉलेजच्या ऑफिसात मला दाखल्यांचं टेबल दिलंय. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, तेही नेमकं रविवारी सकाळी, तरी मी उपासना चुकवलेली नाही. एकटीनं खोली करून राहायला तुम्ही हो म्हणालात ते वर्षभर दर रविवारी चर्चला जायच्या अटीवर. शब्द पाळते आहे.

पण खरं सांगू? लई कंटाळा येतो. पाळकसाहेब माणूस म्हणून भले आहेत, पण त्यांच्या उपदेशात तीन मुद्दे, प्रत्येकाला तीन पोटमुद्दे, आणि शेवटी पुन्हा पहिला मुद्दा. पंखा एकच चालतो, तो पेटी वाजवणाऱ्या बाईंच्या डोक्यावर. मागच्या बाकावरचे आजोबा पहिल्या गीतालाच मान टाकतात. आणि कळस म्हणजे बलभीमकाकांची प्रार्थना! चर्चचा कारभार बघणाऱ्या वडीलमंडळींतले सगळ्यांत जुने. जाडजूड वही समोर धरतात आणि जिल्हाभरातल्या आजाऱ्यांची नावं गावासकट घेत बसतात. वाशीच्या शिवलीलाबाईंचे गुडघे, मग आणखी कोणकोण, मग तुळजापूरच्या योगीराजची साखर. चांगला पाव तास. तोवर मी खिडकीचे गज मोजते. अकरा आहेत.

वर्षभर जाईन, पण त्यातून मला काही मिळेल असं वाटत नाही. आधीच सांगून ठेवते, नंतर बोलणी नकोत.

कंटाळ्यासकट लोभ असू द्या.

तुमची,
जाई

—

नळदुर्ग,
२४ जून २०२५

चि. जाईस,
अनेक आशीर्वाद.

कंटाळा येतो हे लिहिलंस ते बरं केलंस. मला काय दर रविवारी आनंदाच्या उकळ्या फुटतात व्हय? चार वर्षं झाली, मला उपासनेतला एक शब्द ऐकू येत नाही. पाळकांच्या ओठांकडं बघते. त्यांनी पुस्तक तोंडापुढं धरलं की टेबलावरची फुलं बघत बसते. तरी जाते. का, ते विचारू नकोस. पस्तीस वर्षं पोरांना प्रश्न विचारले, सगळ्यांची उत्तरं मला येत होती असं नाही.

बलभीमला मात्र नावं ठेवू नकोस. तो आणि आपला शांतवन, तुझे पप्पा, शिकायला असताना या चर्चच्याच मागं एका खोलीत राहिलेत. शांतवन आजारी पडला तेव्हा यादीत नाव घाल म्हणून मीच बलभीमला कार्ड टाकलं होतं. शांतवन गेला त्या आठवड्यात दुसरं कार्ड टाकलं, नाव काढ म्हणून.

एसटीतनं शेंगाचटणी आणि कडक भाकरी पाठवली आहे. नुसत्या भातावर राहू नकोस. तब्येत सांभाळ, आणि खिडकीचे गज पुन्हा मोजायची गरज नाही, ते वाढत नसतात.

आशीर्वादास चुकणार नाही,
नीलाआत्या

—

धाराशिव,
२१ जुलै २०२५

ती. नीलाआत्यास,
जाईचा सा. सलाम वि. वि.

भाकरी दोन दिवसांत संपली. उशिरा लिहिते आहे, कारण काय लिहावं हेच सुचत नव्हतं.

तुमचं पत्र आल्यावर पहिल्यांदा मी ती यादी नीट ऐकली. शिवलीलाबाईंचे गुडघे झाले. त्यानंतर बलभीमकाका म्हणाले की नळदुर्गच्या शांतवनला, प्रभू, उठून बसू दे, त्याला घोटभर पेज जाऊ दे. मग योगीराजची साखर. आत्या, पप्पांना जाऊन दीड वर्ष होत आलं! आधी माझ्या डोक्यात तिडीक गेली. उपासना संपल्यावर सांगायचंच असं ठरवलं, आणि चप्पल घालून तशीच निघून आले.

पुढच्या रविवारी मी दहा मिनिटं लवकर गेले. त्याच्या पुढच्याही. उपदेश तसाच असतो, पंखाही तिथंच आहे, पण ते एक नाव येईपर्यंत मी बसून राहते, आणि आलं की बरं वाटतं. हे चूक असेल. मला त्याचं काही नाही.

काल पाळकसाहेबांनी मला थांबवलं. काकांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, वर्षभर त्यांना वहीतलं काहीच दिसत नाही, सगळं तोंडपाठ म्हणतात, असं त्यांनी सांगितलं. माझं अक्षर चांगलं, तर मी नवी यादी करावी, देवाघरी गेलेल्यांची नावं वगळावीत आणि तीन ऑगस्टपासून मीच वाचावी, असं त्यांचं म्हणणं. वही माझ्याकडं दिली. त्यात पप्पांचं नाव पट्टी लावून खोडलंय, शेजारी तारीख, आणि ‘प्रभूकडे गेला’ असं लिहिलंय. काकांच्याच हातचं.

आता मी काय करू? मी गाळलं की पप्पांचं नाव मोठ्यानं घेणारं कुणीच उरणार नाही. लवकर कळवा.

लोभ आहेच, तो या पत्रापुरता जरा जास्त असू द्या.

तुमची,
जाई

—

नळदुर्ग,
२८ जुलै २०२५

चि. जाईस,
अनेक आशीर्वाद.

पाळकांचं बरोबर आहे. गेलेल्या माणसाला बरं कर म्हणून मागणं आपल्यात बसत नाही, आणि शांतवनचं आता काही दुखतही नाही. नाव लिहू नकोस.

हे लिहिताना मला राग आला. पाळकांचा, तुझा, आणि दुसरं कार्ड टाकलं म्हणून माझाही. घरात मी त्याचं नाव घेत नाही. घेतलं तरी मलाच ऐकू येत नाही.

यादी ठळक अक्षरात लिही. वाचताना घाई करू नकोस.

नीलाआत्या

—

धाराशिव,
४ ऑगस्ट २०२५

ती. नीलाआत्यास,
जाईचा सा. सलाम वि. वि.

तुम्ही सांगितलं तसंच केलं. कोऱ्या कागदावर एकवीस नावं लिहिली. पप्पांचं नाही.

काल पुढं उभी राहिले. बलभीमकाका पहिल्या बाकावर, हात मांडीवर ठेवून. मी वाचायला लागले. शिवलीलाबाईंचे गुडघे म्हणून झाले आणि पुढं योगीराज म्हणायचं होतं. कागदावर लिहिलेलं स्पष्ट दिसत होतं, पण मी त्या ओळीवर बोट ठेवून तशीच थांबले. मग काका बसल्या जागेवरून म्हणाले, नळदुर्गचा शांतवन. त्यांच्याबरोबर पेटीवाल्या बाईही म्हणाल्या. आणि मागच्या बाकावरचे ते आजोबा, जे पहिल्या गीतालाच झोपतात, तेही. आणखी चार-पाच जण. मला वाटायचं, इथं कुणी काही ऐकतच नाही. सगळ्यांना पाठ आहे हो, आत्या! मला रडू आलं. तशीच रडत योगीराजची साखर वाचली.

नंतर काकांना विचारलं, नाव तर तुम्हीच खोडलं होतं ना. ते म्हणाले, हाताला माहीत होतं, जिभेला सांगायचं राहिलं.

पाळकसाहेब दारात भेटले. वाटलं, आता आपलं काही खरं नाही. पण ते म्हणाले की आजाऱ्यांच्या यादीत ते नाव नको, आभाराच्या प्रार्थनेत घ्यायला कुणाचीच हरकत नाही. पुढच्या रविवारपासून तिथं मी वाचणार आहे. उपदेश अजून तीन मुद्द्यांचाच आहे.

लोभ तुमचा, तो मागायला मला लाज नाही.

तुमची,
जाई

—

नळदुर्ग,
८ ऑगस्ट २०२५

चि. जाईस,
अनेक आशीर्वाद.

सतरा तारखेला, रविवारी, पहिल्या एसटीनं येते. पुढच्या बाकावर बलभीमशेजारी माझी जागा धर. पंखा नसला तरी चालेल.

आभाराच्या वेळी कागद तोंडापुढं धरू नकोस, खाली धर. मला ऐकू येणार नाही. पण त्याच्या जन्मापासून मी त्याला हाका मारल्यात, शांतवन म्हणताना ओठ कसे होतात ते मला कळतं.

तुझी,
नीलाआत्या