दारात कोणी थांबायचं नाही

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे खरंच वाकून. मशीनवरून उठलो, पण पाठ अजून सरळ झालेली नाही.) इकडे आम्ही चौघंही खुशाल आहोत. तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजींच्या खोकल्याचं औषध वेळेवर देतेस ना, की तेही पुढच्या स्टॉपवर बघू म्हणून ढकलतेस? पाकीट पाहून दचकू नकोस. मी पत्र लिहिलं की काहीतरी मागायचं असतं, असं तू भावोजींना सांगत असतेस हे मला पक्कं ठाऊक आहे. पण या वेळी मला काही म्हणजे काही नको. आभार मानायचे आहेत. तुझे आभार तोंडावर मानले तर पाठीत धपाटा बसतो आणि फोनवर मानायला जावं तर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हा कागद.

उन्हाळा म्हणजे शिंप्याची सुगी, हे तुला सांगायला नको. सगळं जग सुट्टीवर जातं आणि जाताना आपल्या पोरांची मापं माझ्याकडे टाकून जातं. परत आलं की गणवेश तयार हवेत. त्यामुळे आजवर आमच्या पोरांची उन्हाळी सहल म्हणजे घरातून दुकानात आणि दुकानातून घरात. मध्ये एक पडदा, तोच आमचा घाट. या वर्षीही तसंच व्हायचं होतं. पण तू आलीस, दुकानाच्या दारात उभी राहिलीस, आणि मला माणूस म्हणायचं की हाफ पँटचा कारखाना, असं चार गिऱ्हाइकांदेखत विचारलंस. मी हो हो, बघू बघू म्हणत पायडल मारत राहिलो, तर तू खाली वाकून मशीनचा पट्टाच काढलास आणि तुझ्या कंडक्टरच्या तिकिटांच्या बॅगेत टाकलास. पट्ट्याशिवाय मशीन म्हणजे नुसतं टेबल. पट्टा तुझ्या गावी गेला, तेव्हा पट्ट्यामागे आम्हाला जावंच लागलं. (गिऱ्हाइकांना मी घरगुती अडचण आहे असं सांगितलं. बहीण ही घरगुती अडचणच की.)

निघताना माझ्या डोक्यात सहल नव्हती, हे आता सांगायला हरकत नाही. डोक्यात धाकटी होती. घरात तिचं तोंड मिटत नाही. थोरल्याचे धडे ती त्याच्या आधी म्हणते, आईला भाजी कशी निवडायची ते शिकवते. पण परकं माणूस समोर आलं की दातखीळ बसलीच म्हणून समज. शाळेत नाव घालायला नेलं तेव्हा मुख्याध्यापिका बाईंनी किती गोडीनं नाव विचारलं, आवडता रंग विचारला, मांजर कसं ओरडतं ते विचारलं. आमच्या बाईसाहेब आईच्या मागे दडून बसल्या आणि माझ्याच हातातल्या टेपचं टोक चघळत राहिल्या. शेवटी बाई म्हणाल्या, शाळा उघडू दे, आठवडाभर बघू, बोललीच नाही तर वर्षभर थांबलेलं बरं. बोलणं चुकीचं नव्हतं, पण बायकोच्या जिवाला घोर लागला. मी आपला, बोलेल गं, एवढं काय त्यात, असं म्हणायचो आणि कुणाच्या तरी कॉलरला कात्री वाकडी लावायचो.

तुझी सहलीची कल्पना मात्र तुझ्याचसारखी. लोक पाहुण्यांना डोंगर दाखवतात, समुद्र दाखवतात. तू आम्हाला तुझी बस दाखवलीस. सकाळच्या फेरीत बसायचं, शेवटच्या स्टॉपला तळ्याकाठी उतरायचं, झाडाखाली डबा सोडायचा, पोरांनी चिखल करायचा, आणि दुपारच्या फेरीनं घरी. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बायकोनं पहिल्या दिवशी इतकं सामान घेतलं होतं की ड्रायव्हरकाकांनी घर बदलताय का म्हणून विचारलं. मी काय केलं ते तुला दिसलंच. सवय जाते का? पुढच्या सीटवरच्या माणसाची खांद्याची शिवण उसवलेली दिसली की माझा हात शिवशिवायचा. ड्रायव्हरकाकांची बाही मी तळ्याकाठी शिवून दिली, एका आजोबांना बटण लावून दिलं, आणि तुझ्या बसच्या मागच्या सीटचं फाटलेलं कव्हर टाचलं, तर तू म्हणालीस, सरकारी मालाला हात लावू नकोस. (टाका बघितलास का पण? दोन वर्षं हलणार नाही.)

आणि ती बटणांची गोष्ट. वाटेत मला बटणांचं दुकान दिसलं. असली बटणं आमच्याकडे मिळत नाहीत, म्हणून मी मिनिटभर उतरलो. दुकानदारानं डबे उघडायला सुरुवात केली आणि इतक्यात बाहेर डबल बेल वाजली. मी हातात शिंपल्याची बटणं घेऊन रस्त्यावर आलो, तर माझी सख्खी बहीण, माझी बायको, माझी दोन पोरं आणि माझा डबा वळणावरून दिसेनासे होत होते. तू खिडकीतून हातसुद्धा हलवलास! मी तिथेच एका दगडावर बसून राहिलो. परतीच्या फेरीला तू मला उचललंस, ते ठीक. पण पास बायकोकडे होता, तर ती दोन सीट मागे बसलेली दिसत असूनही तू मला, तिकीट? असं विचारलंस. भर बसमध्ये. थोरला अजून हसतो आहे.

चार दिवसांनी पट्टा परत दिलास आणि आम्ही दोघं परतलो. पोरं तुझ्याकडे राहिली. पुढचं मी पाहिलेलं नाही, ते थोरल्याकडून आलं आहे, तेव्हा मीठमसाला वजा करून लिहितो. तो म्हणतो, धाकटी रोज तुझ्या शेजारी बसायची आणि हवं ते तुझ्या कानात सांगायची. एक दिवस तुझा घसा बसला. आवाजच फुटेना. दारात गर्दी, आत जागा रिकामी, बस हलेना. तू धाकटीला खुणेनं उभं केलंस आणि तुझी बॅग तिच्या गळ्यात घातलीस. पहिल्या स्टॉपला ती तुझ्या कानात म्हणाली, पुढे चला. तू मान हलवलीस. दुसऱ्या स्टॉपला ती जरा मोठ्यानं म्हणाली. तळं येईपर्यंत म्हणे ड्रायव्हरकाकांनी आरशात बघून तिला सलाम ठोकला होता. पुढे दोन-तीन दिवस तुझा घसा बसलेलाच. नवल एवढंच, की त्याच संध्याकाळी मी तुला फोन केला होता, आणि तू मला मुलांना चपला धड घेत नाहीस म्हणून असं फैलावर घेतलंस की मी फोन कानापासून लांब धरला होता. तुझा घसा खरंच बसला होता का, ते मी विचारत नाही. बायकोही विचारत नाही. तिनं हे ऐकलं आणि स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ भांडी घासली. भांडी घासलेलीच होती.

पोरं परत आली ती वीतभर वाढून. मी शहाण्यानं निघायच्या आधीच दोघांचे कपडे बेतून ठेवले होते, वाढत्या अंगाचे, शिवणीत जादा कापडाची भरपूर माया सोडून. पण तुझ्या हातचं खाऊन पोरं किती वाढतील याचा अंदाज कुठल्या टेपला येणार? धाकटीचा फ्रॉक गुडघ्याच्या वर जाऊन बसला. अख्ख्या गल्लीचे गणवेश खुंटीवर तयार, आणि शिंप्याच्या घरी ठणठणाट. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. शाळेच्या कापडाचा गठ्ठा संपलेला. मग सगळी माया उसवली, खाली उरलेल्या तुकड्याची पट्टी जोडली आणि जोड झाकायला वरून शिवण मारली. बाईसाहेब स्टुलावर उभ्या राहून हुकूम सोडत होत्या. आत्याच्या बॅगेसारखा झाकणाचा खिसा हवा. एक नाही, दोन. मी म्हटलं, गणवेशाला असले खिसे चालत नाहीत. तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं तू तिकीट विचारताना बघितलं होतंस. दोन खिसे शिवले.

पहिला दिवस उजाडला. वर्गाच्या दाराशी ही झुंबड. रडणारी पोरं, पोरांहून जास्त रडणाऱ्या आया, दप्तरं, पाण्याच्या बाटल्या, आणि मधोमध एक बारीक आवाजाच्या बाई, बिचाऱ्या, आत या बाळांनो, आत या बाळांनो, म्हणतायत आणि कुणाला ऐकू जात नाहीये. धाकटीचा हात माझ्या हातात. घामानं ओला. तोंड घट्ट मिटलेलं. मला तर वाटलं, झालं, वर्ष गेलं. ताई, खरं सांगतो, मी तिला उचलून परत न्यायला वाकलोसुद्धा होतो.

आणि वाकलो तेव्हा कानाशीच आवाज फुटला. पुढे चला, पुढे चला! आत जागा आहे! दारात कोणी थांबायचं नाही! आवाज तिचा, पण हेल शंभर टक्के तुझा. सगळे हलले. कोण बोललं ते बघायला कुणी थांबलं नाही, आधी सरकले, मग बघितलं. पोरं आत गेली, आया आत गेल्या, एक कुणाचे तरी वडील थेट बाकावर जाऊन बसले आणि शेजाऱ्यासाठी जागा करून सरकले. कोपऱ्यात उभ्या मुख्याध्यापिका बाईसुद्धा दोन पावलं पुढे आल्या. मग त्यांनी तिच्यासमोर बसून पुन्हा नाव विचारलं. तिनं नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, आणि न विचारता, कुठे उतरणार तेही सांगितलं. मग खिशाचं झाकण लावलं आणि आत गेली. माझा हात सुटला ते तिला कळलंही नाही. मी बाहेर कुंपणाशी उभा राहून रडलो. धूळबीळ काही नव्हती. रडलो.

आता घरात शांतता म्हणून उरलेली नाही. दुकानात गिऱ्हाइकं दारात उभी राहू शकत नाहीत, आत हाकलली जातात. भावोजींच्या वयाचे शेजारी जिन्यात दम खात उभे होते, त्यांनाही पुढे चला झालं. बायको दुपारी डोळा लावायला जाते तर डबल बेल. पण त्याच बायकोनं सांगायला सांगितलं आहे, की ताईंना म्हणावं, तुमचे उपकार मी बोलून दाखवणार नाही, मनात ठेवीन. मीही तेवढंच म्हणतो. पोटच्या पोरीचा आवाज तू आम्हाला मिळवून दिलास, ताई. याहून जास्त मला लिहिता येत नाही.

भावोजींना नमस्कार, ड्रायव्हरकाकांनाही. बाहीची शिवण टिकली ना ते विचार.

तुझा,
धाकटा

ता. क. – काही नको म्हणालो होतो, ते खरंच होतं. पण येत्या शनिवारी शाळेत प्रत्येक मुलाच्या घरचं कुणीतरी येऊन आपलं काम कसं असतं ते सांगणार आहे. मी टेप गळ्यात घालून तयारच होतो. मला सांगण्यात आलं की, तुम्ही नाही बाबा, आत्या. तेव्हा रजा टाक.

ता. क. २ – सोबतच्या पुडक्यात तुझा नवा गणवेश आहे. वीस वर्षं तू ढगळ सरकारी शिवणीत काढलीस, ते मला त्या चार दिवसांत बघवलं नाही. माप घेतलेलं नाही, बसमध्ये नजरेनंच घेतलं. घट्ट झाला तर दोष तुझा. डाव्या खांद्याला, जिथे बॅगेचा पट्टा घासतो, तिथे आतून दुहेरी कापड घातलं आहे. बटणं ओळखशील. त्या बटणांसाठीच तर मी दगडावर बसलो होतो.

ता. क. ३ – माझी आत्या बसची मालकीण आहे, असं धाकटीनं सगळ्या वर्गाला सांगून ठेवलं आहे. वर्गाचा विश्वास बसलेला नाही. जमलं तर बस घेऊन ये. नाहीच जमलं तर निदान घंटा तरी.

ता. क. ४ – हे धाकटीनं सांगितलं तसंच लिहितो आहे. (एवढ्या मोठ्यानं सांगितलं की समोरच्या घरातल्यांनीही ऐकलं.) आत्या, तू ये. आमच्या वर्गात आलीस की दारात थांबायचं नाही. पुढे चालत ये. माझ्या शेजारी जागा ठेवली आहे. तुला तिकीट विचारणार नाही.