चाळीस नंबरचा बोल्ट

तीर्थस्वरूप काकांस,

पुतणीच्या नवऱ्याचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे तूर्त कागदावरच.) तुमचे गुडघे आणि तुमची मतं दोन्ही पूर्वीइतकीच ताठ असल्याचं काकूंकडून कळलं. गुडघ्यांबद्दल वाईट वाटलं.

इकडे तुमच्या थोरल्या बंधूंनी, म्हणजे माझ्या सासरेबुवांनी, नेमबाजीची जुनी रायफल विकायला काढली. डोळ्यांना लक्ष्य दिसत नाही, शिवाय ज्या स्पर्धेवरून तुम्हा दोघांचं बोलणं बंद झालं तिची आठवण घरात नको, असं त्यांचं म्हणणं. (त्याच आठवणीला ते दर रविवारी मऊ फडक्याने पुसतात, ते सोडा.) किंमत ठरवायला पारखी बोलावला. तो येणार म्हणून सासूबाईंनी रायफलीचा लाकडी दस्ता कपाटाच्या पॉलिशने इतका चकचकीत केला, की त्यात पाहून भांग पाडावा. पारख्याने दस्ता हुंगला आणि कोणी गेल्याची बातमी कळावी तसा खुर्चीत बसला. जुन्या वस्तूला जुनेपणाचीच किंमत, ओरखड्यांसकट सगळं मूळचं हवं, असं तो म्हणाला. सासूबाईंनी (ज्या हल्लीच केस रंगवू लागल्या आहेत) हे मत मनावर घेतलं नाही.

मग त्याने बोल्ट, म्हणजे काडतूस आत सारून बंद करणारा तो मुठीचा दांडा, काढला आणि नळीतून खिडकीकडे पाहिलं. मलाही पाहायला दिलं. न्यायशास्त्राच्या वर्गात धुरावरून अग्नीचं अनुमान शिकवण्यात माझी हयात गेली, पण मला फक्त शेजाऱ्यांची वाळत घातलेली चादर दिसली. "सुरेख," म्हणालो. नळी खरोखरच उत्तम निघाली. मात्र नळीवर ठोकलेला नंबर एकोणचाळीसने संपत होता आणि बोल्टवरचा चाळीसने. बोल्ट दुसऱ्याच रायफलीचा, तेव्हा किंमत उतरली, असा निकाल लागला. वर पुस्ती अशी, की या रायफलींचा बोल्ट ज्याच्या त्याच्यापुरता घासून बसवलेला असतो; परका घातला की अडतो आणि नेम ढळतो.

सासरेबुवांनी दोन्ही नंबर बोटाने पुन्हा पुन्हा चाचपून पाहिले. (सासूबाई काळजीने स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, इतक्या वेळा.) लागोपाठच्या नंबरांच्या दोन रायफली एकाच खोक्यातून कोणी घेतल्या होत्या, हे तुम्हाला सांगायला नको. ऐन स्पर्धेत नेम चुकल्यावर "धाकट्याने माझी नेम धरायची चकती हलवली" असं चारचौघांत कोण म्हणालं, तेही नको. (तुमचाही नेम त्या दिवशी चुकलाच होता. तुम्ही वाऱ्याला दोष दिलात, एवढाच तुमचा मोठेपणा.) त्या सकाळी दोन्ही रायफली एकाच टेबलावर खोलून पुसल्या होत्या. धाकट्याला धड पुसता येत नाही म्हणून ते काम थोरल्याचं, हा तुमच्या घरचा कायदा.

बोल्ट खाली ठेवून सासरेबुवा म्हणाले, "पुसल्या मी होत्या. दोन्ही."

आणि चष्मा शोधायला आत गेले. चष्मा डोळ्यांवरच होता.

काकूंना नमस्कार.

आपला,
पंडित जावई (पदवी तुमचीच)

ता. क. तुमच्याकडचा एकोणचाळीसचा बोल्ट हवा आहे. टपालाने पाठवू नये. दोन्ही रायफली शेजारी ठेवूनच अदलाबदल करावी लागते, असं पारखी म्हणतो. (पारखी असं काहीही म्हणालेला नाही. सासरेबुवा म्हणतात.)

पुन्हा ता. क. विक्री रद्द. पारख्याला चहा पाजून वाटेला लावलं.

शेवटचा ता. क. हे पत्र सासरेबुवांनी वाचायला मागितलं. स्वतःचं वाक्य खोडतील असं वाटलं होतं. त्यांनी त्याच्याखाली रेघ मारली. रेघ वाकडी आली आहे, पण या खेपेला तुमच्यावर आळ नाही.