माझ्याच लेखाच्या चोरीचा आळ

रामबाग, इंदूर
१८ नोव्हेंबर २०२४

सौ. शारदेस,

इरावतीचा सप्रेम नमस्कार. तुझे गुडघे, तुझ्या यजमानांचा रक्तदाब आणि जळगावची हवा ही तिन्ही माझ्या अपेक्षेपेक्षा बरी असतील, असे धरून चालते. येथे मी व धाकटा भाऊ वासुदेव सुखरूप आहोत (तो वरच्या मजल्यावर, मी खालच्या, सुखरूप राहण्याचे कारणही तेच). आपल्यात गेली नऊ वर्षे पत्रव्यवहार नाही. तुझ्या वल्लरीच्या लग्नपत्रिकेतील चौदा दोष लाल शाईने दाखवून मी ती परत पाठवली होती, त्याची पोच आजतागायत आलेली नाही. टपाल खात्याचा कारभार किती ढासळला आहे, याचे ते उदाहरण समजून मी तो विषय सोडून दिला.

आज लिहिण्याचे कारण असे, की वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी माझ्यावर वाङ्मयचौर्याचा आळ आला आहे. चौतीस वर्षे महाविद्यालयात इतिहास शिकवला, विद्यार्थ्यांच्या प्रबंधांतली उचललेली वाक्ये नुसत्या वासावरून ओळखली, आणि आता येत्या रविवारपर्यंत निर्दोष ठरले नाही तर माझेच नाव एका काळ्या यादीत कायमचे जाणार आहे. ('कायमचे' हा शब्द मी अलंकार म्हणून वापरलेला नाही. त्या यादीतले काही पुसताच येत नाही, अशी तिची रचनाच आहे.) फोन करता आला असता, परंतु फोनवर माणसे विचार न करता बोलतात. म्हणून सारे क्रमाने लिहिते.

मूळ वासुदेवात आहे. सांवेर रोडवरचा कारखाना मुलाच्या हाती दिल्यापासून त्याला जगातल्या प्रत्येक नव्या गोष्टीत गती आहे, असे त्याला वाटते. श्रावणात तो खाली येऊन म्हणाला, "ताई, दिवसभर पेपरातल्या गलत्या काढत बसते, त्यापेक्षा स्याहीकॉइनवर लिही ना! लोक पढतील, व्होट देतील, वरून कॉइन मिळतील. फालतूत टॅलेंट वाया घालवून राहिली तू." हे स्याहीकॉइन म्हणजे इंटरनेटवरचा एक फलक. आपण लेख लिहायचा. आवडल्यास वाचक वर तोंड केलेला बाण दाबतात, नावडल्यास खाली तोंड केलेला. आणि सात दिवस भरले, की बाणांच्या प्रमाणात लेखकाला आभासी नाणी मिळतात. ज्याच्यापाशी नाणी जास्त, त्याच्या बाणाला वजन जास्त. अशा वजनदार मंडळींना तेथे देवमासे म्हणतात. (संस्थानी दरबारात याहून निराळे काही चालत नव्हते. मी होळकरकालीन जकातीवर प्रबंध लिहिला असल्याने मला नवल वाटले नाही.)

प्रवेशासाठी नवख्या माणसाने हातात आपले नाव व तारीख लिहिलेला कागद धरून छायाचित्र द्यावे लागते. तुरुंगाच्या दफ्तरात शोभेल अशी ही रीत. तरीही नियम म्हणजे नियम. मी अकरा कागद लिहिले, कारण दहांचे समास समान येईनात. वासुदेवाने फोटो काढला आणि वर म्हणाला, "टेंशन नको घेऊ, तू मुजरिम नाही दिसत. मुजरिमला पकडणारी दिसते."

पहिला लेख अर्थातच जकातीवर लिहिला. बत्तीस तळटीपा. परंतु प्रसिद्ध झालेला मजकूर पडद्यावर पाहिल्यावर त्यात सुधारणेला जागा दिसू लागली, म्हणून मी माथ्यावर एक सूचना घातली : 'हा मसुदा आहे. अंतिम पाठ सिद्ध होईपर्यंत कोणीही मत देऊ नये.' वाचकांनी ती तंतोतंत पाळली. नवव्या दिवशी अंतिम पाठ सिद्ध झाला, आणि मते घेण्याची मुदत सातव्याच दिवशी संपली असल्याचे समजले. त्याच आठवड्यात एका गृहस्थाने कचोरीचे छायाचित्र आणि खाली तीन वाक्ये टाकून दोनशे बारा बाण मिळवले. त्या तीन वाक्यांतील पाच विधानांना आधार काय, असे मी त्याला नऊ मुद्द्यांत विचारले. उत्तरादाखल मला चौसष्ट बाण आले, सर्व खाली तोंड केलेले.

त्या दिवशी, शारदे, मला आपल्या हस्तलिखित मासिकाची फार आठवण झाली. महिन्याला एक अंक, आणि अंकाची प्रतही एकच. खाकी वेष्टन घातलेली ती प्रत तेवीस घरी एकेक दिवस राहून परत यायची, तेव्हा तिला हळदीचा, उदबत्तीचा आणि कोणाच्या तरी लोणच्याचा मिळून एक वास आलेला असायचा. शेवटची दोन पाने अभिप्रायासाठी कोरी. वाचकांपैकी शंकरराव दर महिन्याला एकच वाक्य लिहीत : 'अंक वाचला, चष्मा बदलावा लागेल.' ते निंदा आहे की स्तुती, यावर आपण पाचही जणींनी गच्चीवर बसून एक आख्खी दुपार वाद घातला होता. तेवीस घरांत कोणाला आवडले, कोणी नुसतेच चाळले आणि कोणी पानावर चहाची बशी ठेवली, हे आपल्याला पानांवरूनच कळायचे. खाली तोंड केलेला बाण त्या काळी नव्हता. जिला लेख आवडला नाही, ती समोर येऊन सांगायची, आणि मग तिच्याच घरी आपण पोहे खायचो.

ट्रंकेतून ऑक्टोबर १९७४चा अंक काढला. पहिले पान, म्हणजे अनुक्रमणिका, गळून गेले आहे. बाकी सर्व शाबूत. (लेखकांची नावे फक्त अनुक्रमणिकेत असावीत हा नियम माझाच. वाचकाने आधी लेखन पाहावे, मग लेखक. सबंध अंक एकाच वळणाचा दिसावा म्हणून सगळ्यांचे लेख उतरवून काढायचे कामही माझ्याच हाताने होई.) तिसऱ्या पानावर 'भोंगा' हा लेख सापडला. गिरणीचा भोंगा वाजतो, रात्रपाळी करून वडील सकाळी घरी येतात, आई त्यांना उंबऱ्यातच थांबवून केसांतला, भुवयांतला, कानांतला कापूस फडक्याने झटकते, आणि तो कापूस हवेत तरंगताना पाहण्यासाठी मुलगी मुद्दाम लवकर उठून बसते. सारे माझ्या अक्षरात. वाचता वाचता उभी राहिले ती पुन्हा बसले नाही. इतके सुंदर मी वयाच्या सतराव्या वर्षी लिहीत होते, आणि पुढे पन्नास वर्षे जकातीवर घालवली!

लेख टाइप करून दिला. एकही शब्द बदलला नाही. बदलावासा वाटला नाही, हे माझ्या बाबतीत प्रथमच घडले. पाच दिवसांत तीनशेहून अधिक बाण आले, त्यांत एक देवमासा. महूहून कीर्ती नावाच्या बाईंनी लिहिले, "काकीजी, माझे आजोबा डिट्टो असेच यायचे. आईला वाचून दाखवलं, ती रडली ना!" त्या वाक्यात दुरुस्तीला वाव होता. मी ती केली नाही. ते वाक्य मी चारदा वाचले, हे तुला म्हणून सांगते.

सहाव्या दिवशी तेथल्या यंत्राने लेखावर तांबडी पट्टी मारली : हा मजकूर पूर्वी प्रसिद्ध झालेल्या मजकुराशी त्र्याऐंशी टक्के जुळतो. खाली पुरावा म्हणून एका ब्लॉगचा पत्ता दिला होता. उघडला, तर वर नाव 'शारदेची वही', सन २०१२, आणि शीर्षक 'भोंगा'. पहिल्या चार ओळी ओळखीच्या निघाल्या. पुढे वाचण्याचे कारण उरले नाही. मराठी विभागाचे नियंत्रक पंचशील म्हणून एक सभ्य गृहस्थ आहेत. त्यांनी कळवले, "मॅडमजी, शारदाजींकडून एक लाइन लिहून आणा की लेख तुमचा आहे. संडेपर्यंत थांबतो. नंतर माझ्या हातात काही नाही."

आता, शारदे, मी रागावलेली नाही, हे प्रथम लक्षात घे. कोणे एके काळी वाचलेला उत्तम लेख मनात इतका रुजतो, की पुढे तो आपलाच वाटू लागतो. मनुष्यस्वभावाचा हा दुबळेपणा मी विद्यार्थ्यांतही पाहिला आहे आणि त्यांना मी केवळ नापास केले, अपमान कधी केला नाही. माझे लेखन तुला इतके जवळचे वाटावे, यात तुझी रसिकताच दिसते. तेव्हा संकोच बाळगू नकोस. वल्लरीला व तिच्या मुलांना आशीर्वाद. यजमानांना नमस्कार सांग आणि मीठ कमी करायलाही सांग.

तुझी,
इरावती

ता. क. १ : सोबत एका प्रमाणपत्राचा मसुदा जोडला आहे. 'सदर लेख इरावतीचा असून तो मी अनवधानाने माझ्या नावे प्रसिद्ध केला' एवढाच मजकूर आहे. 'अनवधानाने' हा शब्द मी तुझ्या बाजूने घातला आहे. तू फक्त सही करून त्याचा फोटो वासुदेवाच्या फोनवर पाठव.

ता. क. २ : पाकीट कुरिअरला देण्यासाठी वासुदेवाकडे दिले होते. त्याने ते उघडून वाचले (याबद्दल त्याच्याशी स्वतंत्रपणे बोलले आहे) आणि जिना उतरून पुन्हा खाली आला. म्हणाला, "ताई, एक बात सांग. आपले नाना तर संस्कृत पाठशाळेत शिकवायचे. त्यांच्या कानात कापूस कुठून आला? मिलमध्ये तर शारदाताईचे बाबा जायचे ना?" मी त्याला सांगितले, की ललित लेखनात कल्पनेला स्थान असते. तो म्हणाला, "तू आणि कल्पना? रहने दे यार." आणि वर निघून गेला. मी बराच वेळ वडिलांना आठवून पाहिले. नाना घरी यायचे ते हातात छत्री घेऊन, अंगावर पांढरे काही असलेच तर खडू. मसुद्यावर सही करू नकोस.

ता. क. ३, मंगळवार : पत्र अजून माझ्याकडेच आहे. फाडून नवे लिहिता आले असते, परंतु वरचा मजकूर जसा आहे तसाच तुला मिळायला हवा, असे ठरवले. पंचशीलांना आज सकाळी कळवले, की लेख शारदेचा आहे. अक्षर तेवढे माझे. त्यांचे उत्तर आले, "मॅडमजी, स्वतःहून कबूल करणारी तुमची पहिलीच केस आहे. पण रूल तो रूल है, लिस्टमध्ये नाव टाकावंच लागेल. बुरा मत मानना." नियमाने वागणारा मनुष्य भेटल्याचे समाधान वाटले. नाव यादीत गेले आहे. मी ते तपासून पाहिले, शुद्ध लिहिले आहे. कीर्तीबाईंनाही तुझ्या वहीचा पत्ता दिला.

त्यानंतर तुझा 'भोंगा' मी प्रथमच शेवटपर्यंत वाचला. न जुळणारे सतरा टक्के कोणते, ते समजले. तेव्हा अंकात उतरवताना काही शब्द मी बदलले होते, आणि शेवटचा एक परिच्छेद माझ्या अंकात मुळी नाहीच. 'संपाच्या पहिल्या दिवशी बाबा दुपारीच घरी आले. आई फडके घेऊन उंबऱ्यात उभी राहिली. झटकायला काहीच नव्हते.' पानावर जागा नाही, असे मी तेव्हा तुला सांगितले असणार. जागा होती. तिथे मी वेलबुट्टी काढली आहे, चांगली चार बोटे उंच.

तेवढा परिच्छेद तुझ्या हाताने एका कागदावर लिहून पाठव. मी तो त्या वेलबुट्टीवर चिकटवणार आहे. अक्षर कसेही आले तरी चालेल.